पाटी नसलेलं गॅरेज, अन् त्याच्या भरवशावर कन्याकुमारी

ह्या गॅरेजचं नाव लिहिता येत नाही कारण त्याला नावच नाही. पाटी नाही, मॅपवर सापडत नाही, व्हिजिटिंग कार्ड तर सोडाच. यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याच्या अलीकडे रोडला लागून एक मोठा कडुलिंब आहे, त्याखाली कायम दोन-तीन ट्रॅक्टर पोट उघडं करून उभे असतात, तिथले मिस्त्री कुठं हायेत असं विचारलं की कोणीही सांगते. मी पण त्यांना मिस्त्रीच म्हणतो. जानेवारीत संक्रांत झाल्यावर आम्ही घरचे सहा जण आमच्या सात सीटर डिझेल गाडीनं कन्याकुमारीला जाऊन आलो, मीटरवर ३,४१२ किलोमीटर पडले, गाडी २०१३ ची आहे, आणि निघायच्या आधी ती पूर्ण अकरा दिवस ह्या कडुलिंबाखाली होती. गावातल्या गावात गाडी फिरवून गॅरेज चांगलं की वाईट ते कळत नाही, म्हणून मी आल्यावरच लिहायला बसलो.

आधी जायचं कसं ठरलं ते सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही. आमचं वावर रोडला लागून आहे. बाबा आता ७२ चे. ते शाळेत होते तेव्हा गुरुजींनी खिडकीतून बोट दाखवून सांगितलं होतं की हा सात नंबरचा रोड काशीहून येतो अन् कन्याकुमारीला जातो. २०१० मध्ये हायवेचे नंबर बदलले, आता हा ४४ नंबर, श्रीनगर ते कन्याकुमारी, पण बाबांच्या तोंडी आजही सात नंबरच. सगळा जन्म त्यांनी ह्या रोडच्या कडेला पराटी (कपाशी) डवरली, तूर सोंगली, ट्रकची धूळ खाल्ली, आणि स्वतः खाली गेले ते जास्तीत जास्त आदिलाबादपर्यंत, तेही बैल घ्यायला. डिसेंबरात तिसरी वेचणी चालू होती, धुऱ्यावर बसून पाणी पिता पिता एकदम म्हणाले, "हा रोड जिथं सरते ना, ते ठिकान मले पाहाचं हाय." बस. त्यांनी उभ्या आयुष्यात स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही, त्यामुळं मी त्याच रात्री चुलतभावाला फोन लावला की अर्धी गाडी तू चालवशील का.

गाडीची हालत मात्र लांबच्या रोडची नव्हती. मी आधी शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये दाखवली. काचेची केबिन, एसी, कॉफी, सगळं होतं. तिथल्या पोरानं गाडी न चालवता, नुसती खालून पाहून ४६ हजारांचं एस्टिमेट दिलं, त्यात क्लच प्लेट, इंजेक्टर, सस्पेन्शनचे सगळे बुश, आणखी काय काय. मी घाबरलो. कापसाचे पैसे अजून यायचे होते. परत येताना सहज कडुलिंबाखाली थांबलो.

मिस्त्रींनी पहिल्यांदा काय केलं, तर मला बाजूला बसवून स्वतः गाडी चालवली. काचा खाली, रेडिओ बंद. मी काहीतरी सांगायला लागलो तर हात वर केला, बोलू नका म्हणून. करंजीकडे सात-आठ किलोमीटर गेले, चढावर चौथ्या गिअरमध्ये गाडी मुद्दाम जड केली, क्लच घसरते का पाहिलं, मोकळ्या जागी दोनदा जोरात ब्रेक मारला, परत आले, उतरले आणि चारही चाकांजवळ जाऊन ड्रमला अन् रिमला उलटा हात लावून पाहिला. मागचं डावं चाक बाकीच्यांपेक्षा गरम होतं. मलाही हात लावायला लावला. "हे चाक ब्रेक सोडतच नाही, भाऊ. तुम्ही रोज थोडा थोडा ब्रेक दाबूनच गाडी चालवून राह्यले." दोन वर्षांपासून गाडी अॅव्हरेज देत नाही म्हणून मी डिझेलला नावं ठेवत होतो!

मग त्यांनी काय करायचं नाही ते आधी सांगितलं, अन् मला वाटतं हीच ह्या माणसाची सगळ्यात मोठी खूण आहे. क्लच प्लेट बदलायची नाही, अजून एक वर्ष निघते. इंजेक्टरला हात लावायचा नाही, धूर काळा नाही, स्टार्टिंग एका सेल्फमध्ये आहे, चांगल्या चालत्या वस्तूला कशाला उघडायचं. बुश चारपैकी दोनच गेलेत, तेवढेच टाकू. आणि मग ज्या गोष्टी त्या मोठ्या एस्टिमेटमध्ये नव्हत्याच त्या काढल्या. ब्रेक ऑइल बदलायचं. मी म्हटलं, लेव्हल तर बरोबर आहे ना. ते म्हणाले लेव्हलचा प्रश्न नाही, हे तेल हवेतलं पाणी ओढते, वर्षावर्षानं त्यात पाणी मुरते, आणि मग लांब उतारावर ब्रेक तापला की तेलातलं पाणी उकळते, त्याची वाफ होते, वाफ दबते, पेडल पायाखालून निघून जाते. गावात कधीच कळणार नाही, कारण गावात कुठं आहे एवढा उतार.

टायरचं पण तसंच. चारही टायरला नक्षी भरपूर होती, मी खुश होतो. मिस्त्रींनी खाली बसून टायरच्या बाजूवरचा लांबोळा शिक्का दाखवला, शेवटचे चार आकडे. २३१६. म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. दुसऱ्यावर पण २०१६ च. नखानं रबर दाबून बारीक बारीक भेगा दाखवल्या, उन्हात पडलेल्या चपलेसारख्या. हे दोन बदला, बाकीचे दोन २०२१ चे आहेत, चालतील. आज माझ्या ओळखीतल्या दहा जणांना मी हे चार आकडे वाचायला शिकवलं असेल, एकालाही माहीत नव्हते. तुम्ही पण आत्ता उठून आपल्या गाडीचे पाहा खरंच.

ह्याशिवाय पुढचे ब्रेक पॅड, मागचे शू, अडकलेल्या चाकाचा सिलेंडर, चारही चाकांच्या बेरिंगला नवं ग्रीस, फॅन बेल्ट, रेडिएटर धुऊन नवं कुलंट, वरचा-खालचा होज पाईप, इंजिन ऑइल आणि फिल्टर. पार्टचे १९ हजार आले, त्यातले जवळजवळ अर्धे दोन टायरचे, मजुरी ३,८००. जुना पार्ट प्रत्येक वेळी हातात दिला. अलाइनमेंटचं मशीन त्यांच्याकडे नाही, त्यासाठी स्वतःच दुसरीकडे पाठवतात.

आता तक्रारी, त्या पण तेवढ्याच खऱ्या आहेत. चार दिवस सांगितले, अकरा लागले. मधेच कोणाचं थ्रेशर आलं, तुरीचा सीझन, ते आधी. फोन दिवसा उचलत नाहीत, हात तेलात असतात म्हणतात, पण मग माणसानं करायचं काय, मी गावाहून बारा किलोमीटर चार वेळा चकरा मारल्या. बसायला एक तुटका बाक. बिल वहीच्या कागदावर. आई तर रोज विचारत होती की गाडी त्यांनी ठेवूनच घेतली का.

गाडी घ्यायला गेलो त्या दिवशी आई सोबत होती आणि कॅरिअरवर लादायचं सामान पण आम्ही तिथंच घेऊन गेलो, म्हटलं तिथूनच बांधून आणू. आईनं सिलेंडर घेतला होता, भरलेला, घरचा, रस्त्यानं स्वयंपाक करू म्हणून. शिवाय गहू, तांदूळ, खलबत्ता. मिस्त्रींनी सगळं उतरवलं. आईला म्हणाले, "काकू, सिलेंडर गाडीत नाही म्हंजे नाही. अन् वरतं ओझं ठेवलं का वळनावर गाडी कलते, ब्रेकलेही वेळ लागते. मी येवढे दिवस ब्रेकवर मेहनत घेतली ते कायच्यासाठी?" आई दोन दिवस बोलली नाही कोणाशी. शेवटी तिखट पुऱ्या, भाकरी, जवसाची चटणी, चिवडा अन् लोणचं एवढंच घेतलं, आणि खरं सांगतो, आम्हाला काही कमी पडलं नाही. कर्नूलला ज्वारीची भाकरी मिळाली तेव्हा आईनं स्वतःच म्हटलं की बरं झालं ओझं नाही आणलं.

निघताना मिस्त्रींनी चुलतभावाला अन् मला उभं करून चार गोष्टी सांगितल्या. चाकं खोलली आहेत त्यामुळं शंभर किलोमीटरच्या आत थांबून सगळे नट पुन्हा कसायचे. हवा सकाळी टायर थंड असतानाच पाहायची. टेम्परेचरचा काटा अर्ध्याच्या वर गेला की जिथं असाल तिथं थांबायचं, पुढच्या गावापर्यंत नेतो म्हणायचं नाही. आणि अंधार पडला की गाडी बंद.

पहाटे पाचला निघालो. पैनगंगेच्या पुलावर बाबांनी खिडकीतून नाणं टाकलं. आदिलाबादच्या पुढं थांबून नट कसले, आणि मागच्या डाव्या चाकाचे दोन नट चक्क पाव फेरा फिरले. नवा कसलेला नट पण रोडवर बसला की सैल होते, त्यात कोणाचा दोष नाही, पण ज्याला हे माहीत नाही तो तसाच पुढं जाते. निर्मल ओलांडलं, सोनच्या पुलावरून गोदावरी लागली. माझ्या पोरीनं विचारलं हे आपल्या पैनगंगेचं पाणी आहे का. मी हो म्हणणार होतो, बाबा म्हणाले नाही बाई, आपलं पाणी वर्धेत जाते, वर्धा प्राणहितेत, अन् प्राणहिता खाली सिरोंच्याजवळ गोदावरीले भेटते, इथं आपलं पाणी अजून आलंच नाही. न गेलेल्या जागेचा सगळा नकाशा ह्या माणसाच्या डोक्यात होता. दुपारी कृष्णा, संध्याकाळी कर्नूलजवळ तुंगभद्रा. काळी माती मागं राहिली, लाल सुरू झाली, बाबांनी एका ठिकाणी लघवीला थांबलो तर उतरून मूठभर माती उचलली, दाबून पाहिली, म्हणाले हिच्यात ओल टिकत नसंल.

दुसऱ्या दिवशीची गोष्ट. गुत्तीचा डोंगरावरचा किल्ला मागं गेला, अनंतपूर पुढं होतं, ऊन चढलेलं, चुलतभाऊ चालवत होता. मला एक गोडसर वास आला, गरम गुळाच्या पाकासारखा. आईनं म्हटलं कोणाच्या डब्यातून येऊन राह्यला. मी काट्याकडं पाहिलं, अर्ध्याच्या दोन रेघा वर. भाऊ म्हणाला बारा किलोमीटरवर गाव आहे, हळूहळू नेतो. मी नाही म्हटलं. तो चिडला, कडेला सावली पण नव्हती, लेकरू सोबत. पण थांबलो. बॉनेट उघडलं तर खालच्या होज पाईपच्या तोंडातून हिरवं कुलंट टपटप गळत होतं, अन् वाफ.

मिस्त्रींना फोन लावला, म्हटलं उचलणार तर नाहीतच. पहिल्या रिंगला उचलला. "इंजन बंद केलं? झाकनाले हात नोका लावू. अर्धा घंटा काहीच करू नोका, लेकराले सावलीत बसवा. मग पाईप पाहा, फाटला हाय का सटकला." अर्ध्या तासानं पाहिलं. पाईप नवा कोरा होता. क्लॅम्प, म्हणजे पाईपाचं तोंड आवळून धरणारी पट्टी, तो जुना होता. होज बदलताना जुनाच क्लॅम्प परत लावलेला, त्याची चुडी मेलेली, पेचकस फिरवला की नुसता फिरते, पकडत नाही. म्हणजे चूक आमच्या मिस्त्रींचीच होती, वीस-तीस रुपयांच्या पार्टची. मी फोनवर तसं स्पष्ट सांगितलं आणि आवाज चढला माझा, रस्त्यावर सहा माणसं उभी असताना चढणारच. तिकडून दोन सेकंद काही नाही. मग म्हणाले, "हो. तो मीच लावला. आता मी सांगतो तसं करा."

तेवढ्यात एक ट्रक मागं घेऊन थांबला. टीएन २८, म्हणजे तमिळनाडूतल्या नामक्कलचा. हा नंबर मी लहानपणापासून पाहतो, आमच्या वावरापुढून रोज जातात. ड्रायव्हर पन्नाशीचा, लुंगी वर खोचलेली, तमिळ आणि तोडकी हिंदी. त्यानं मिस्त्रींचं काही ऐकलं नाही, स्वतःच आत वाकला, क्लॅम्प काढून फेकला, आपल्या पेटीतून बायंडिंगची तार आणली, पाईपावर दोन पदरी वेढे घेतले आणि पक्कडीनं टोकं पिळत पिळत अशी बसवली की तार रबरात रुतली, पण रबर कापलं नाही. किती पिळायची ते त्याच्या मनगटाला माहीत होतं. मग त्याच्याच कॅनमधून पाणी ओतलं. बाबांनी विचारलं कुठून येता. नागपूर. आम्ही म्हटलं आम्ही पांढरकवड्याचे. "पांढरकवडा!" एकदम हसला, "मालूम. रात को चाय." पैसे घेतले नाहीत. आईनं दिलेला चिवडा घेतला, तिथंच उभं राहून खाल्ला, कागद घडी करून खिशात ठेवला आणि गेला.

अनंतपूरला नवे क्लॅम्प घेतले, खालचा अन् वरचा दोन्ही, आणि कुलंट. साध्या पाण्यावर फार चालवू नका असं मिस्त्रींनी परत फोन करून बजावलं होतं, ह्या वेळी त्यांनी स्वतः केला, दिवसातून दोनदा केला, तेलाचे हात असूनही. चार तास गेले त्या दिवशी. पण त्या बारा किलोमीटरचा विचार अजूनही येतो. गाडी तशीच नेली असती तर हेड वाकलं असतं, गॅस्केट गेलं असतं, तिथं परमुलखात आठवडा गेला असता अन् चाळीस-पन्नास हजार. आम्ही सगळे वावरात पण असंच करतो ना, मोटर गरम वास मारते तरी एवढी ओळ होऊ दे म्हणतो, मग मोटर जळते. मी दोन मोटरी अशाच घालवल्या आहेत. आता घरात कोणी एवढं होऊ दे म्हटलं की बाबा नुसते म्हणतात, काटा पाय (पाहा).

बंगळूरच्या ट्रॅफिकबद्दल लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे.

धर्मपुरीकडून सेलमला उतरताना तोप्पूरचा घाट लागते. अपघातांसाठी फार बदनाम जागा आहे, लोडचे ट्रक डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करतात, मग सगळा भार ब्रेकवर, ब्रेक तापून सुटतात आणि पुढच्यावर जातात. घाट लागायच्या आधीच मी तिसरा गिअर टाकला, मग दुसरा, इंजिन ओरडत होतं, भाऊ म्हणे वर घे गिअर, मी म्हटलं ओरडू दे, ते ओरडते म्हणूनच गाडी धरून ठेवते. पुढच्या ट्रकच्या चाकांतून जळक्या लायनरचा वास येत होता, आम्ही काचा चढवल्या. एका ठिकाणी ट्रक एकदम लेन सोडून आडवा आला, मला पूर्ण जोर देऊन ब्रेक दाबावा लागला, पेडल दगडासारखं घट्ट, गाडी सरळ रेषेत थांबली, कुठं ओढली नाही. मागं बसलेल्या पोरीची पाण्याची बाटली पण सीटवरून पडली नाही. क्लॅम्पचा राग माझ्या मनात होताच, पण त्या एका ब्रेकला मी मिस्त्रींना मनातून हात जोडले. जुनं तेल, अडकलेलं चाक, २०१६ चे टायर घेऊन मी ह्या घाटात आलो असतो, आणि मला माहीत पण नसतं.

मुक्काम मुद्दाम नामक्कलला केला, बाबांनीच म्हटलं. तिथं रस्त्याच्या दोन्ही बाजूला ट्रकच्या बॉड्या बांधायचे कारखाने, कोंबड्यांचे फार्म, अंड्याच्या गाड्या, आणि जिकडं तिकडं टीएन २८. जवळच तिरुचेंगोड आहे, आपल्याकडं बोर मारायला ज्या गाड्या येतात त्यातल्या कितीतरी तिथल्या. आमच्या वावरातल्या तिन्ही बोर तिथल्याच पोरांनी मारल्या, एक कोरडी गेली तेव्हा बाबा त्यांच्यावर किती ओरडले होते. रात्री लॉजच्या पायरीवर बसून बाबा बराच वेळ ट्रक पाहत होते. म्हणाले, "धा धा दिवस घरी जात नसतीन हे. मी पन्नास वर्स ह्याइच्या धुळीले शिव्या देल्या. पाणी कधी विचारलं नाही." मी काही बोललो नाही. पण हे त्यांनी नुसतं म्हणून सोडलं नाही, आल्यावर धुऱ्यावर रोडच्या बाजूला झाडाखाली दोन माठ ठेवले आहेत, रोज सकाळी स्वतः भरतात, चुंगडं (पोतं) ओलं करून गुंडाळतात.

दिंडीगुल, मदुराई, तिरुनेलवेली. दिंडीगुलला सूतगिरण्या दिसल्या, आपल्याकडच्या कापसाच्या गाठी तमिळनाडूच्या गिरण्यांत येतात हे ऐकून होतो, बाबांनी एका गेटसमोर गाठींचा ट्रक पाहिला आणि गाडी थांबवायला लावली. उतरून गाठीच्या फाटक्या कोपऱ्यातून बोटभर रुई ओढली, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळूहळू ताणली, धागा किती लांब निघते ते पाहिलं. वॉचमन ओरडला, आम्ही निघालो. आरलवायमोळीच्या खिंडीजवळ पवनचक्क्याच पवनचक्क्या, गाडी वाऱ्यानं हलत होती.

कन्याकुमारीला पोचलो तर ऊन कलतं होतं. रोड गावात शिरते, दुकानं, शंखशिंपले, गर्दी, आणि मग पुढं पाणीच. बाबा चपला हातात घेऊन उभे राहिले. काही मोठं बोलले नाहीत. थोड्या वेळानं रोडकडं तोंड करून वळले, म्हणाले हा इथून निघते अन् आपल्या वावरावरून जाते. आम्ही सगळे जण समुद्र पाहत होतो आणि ते रोड पाहत होते. दुसऱ्या दिवशी बोटीनं विवेकानंद शिलास्मारक पाहिलं. हे स्मारक १९७० मध्ये उभं झालं, ते ज्यांनी उभं केलं ते एकनाथजी रानडे आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या टिमटाळ्याचे, हे तिथं गेल्यावर घरच्यांना सांगितलं तर आई रांगेतल्या सगळ्या मराठी लोकांना सांगत सुटली. शेजारच्या खडकावर तमिळ कवी तिरुवळ्ळुवरांचा १३३ फुटी पुतळा, त्यांच्या ग्रंथाचे अध्याय १३३ म्हणून तेवढे फूट. आता दोन्ही खडकांमध्ये काचेचा पूल झाला आहे, ७७ मीटरचा, पोरगी तीनदा गेली आली, आई एकदाही नाही.

कोणाला जायचं असेल तर कामाचं सांगतो. खाजगी गाडीला फास्टॅगचा वर्षाचा पास १५ ऑगस्ट २०२५ पासून मिळते, सुरुवातीला ३,००० रुपयांचा होता, वर्षभर किंवा २०० टोल, जे आधी संपेल ते, एवढ्या लांब जायचं तर घ्याच. फक्त तो नॅशनल हायवे अन् नॅशनल एक्स्प्रेसवेवरच चालते, हैदराबादच्या आउटर रिंग रोडचे पैसे वेगळे कटतात. हायवेवर काही झालं तर १०३३ ला फोन लावायचा, तो नंबर फोनमध्ये आधीच टाकून ठेवा. बायकोनं हे लिहून ठेवलं होतं म्हणून सांगतो.

परत आलो तेव्हा तिसऱ्या दिवशी मी तो मेलेला क्लॅम्प घेऊन गॅरेजवर गेलो. ट्रकवाल्यानं फेकला होता तो पोरीनं उचलून ठेवला होता. भांडायचं नव्हतं मला, दाखवायचा होता. मिस्त्रींनी हात पुसले, क्लॅम्प घेतला, उजेडात धरून चुडी पाहिली. मग त्यांच्या हाताखालच्या पोराला बोलावलं, सोळा-सतरा वर्षांचा असंल. मला वाटलं आता सगळं त्याच्यावर ढकलतात. मी ह्या शहरातल्या वर्कशॉपमध्ये तेच पाहिलं आहे, गाडीत काही निघालं की हेल्परचं नाव. मिस्त्री त्याला म्हणाले, "हे मी केलं बरं का, तू नाही. संध्याकाळ झाली होती, दुकान बंद होतं, म्हटलं चालते. पाय, चालते म्हटलं का काय होते." आणि त्याच्या हातात ठेवला. मजुरीतले हजार रुपये परत द्यायला लागले, मी घेतले नाहीत, खूप ओढाताण झाली, शेवटी त्यांनी पुढची सर्व्हिसिंग मजुरी न घेता करायचं कबूल केलं अन् मी हो म्हटलं.

म्हणून माझं मत असं. डेंटिंग, पेंटिंग, एसी, नव्या गाडीतलं कम्प्युटरचं काम, विम्याचं कॅशलेस, जीएसटीचं बिल, ह्यातलं काही पाहिजे असेल तर इथं जाऊ नका, वेळ वाया जाईल. उद्या गाडी पाहिजे असेल तर अजिबात जाऊ नका. पण गाडी जुनी आहे, पैसे मोजून आहेत आणि घरचे म्हातारे लेकरं घेऊन लांब जायचं आहे, तर तारखेच्या महिनाभर आधी द्या आणि सकाळी नऊच्या आत जा, तेव्हा हात स्वच्छ असतात, बोलतात. तुरीच्या अन् सोयाबीनच्या सीझनमध्ये थ्रेशर आधी, तुमची गाडी नंतर, हे मनात धरूनच जा.

मागच्या आठवड्यात माझ्या मामेभावानं त्याची गाडी तिथं टाकली, शेगावला जायचं होतं त्याला. मी सोबत गेलो होतो. होज बदलायचं काम निघालं. मामेभाऊ काही विचारायच्या आत त्या पोरानं खोक्यातून दोन नवे क्लॅम्प काढले, आमच्यासमोर पेचकसानं फिरवून दाखवले आणि मगच गाडीखाली शिरला. वर कडुलिंबाच्या खिळ्याला आमचा जुना क्लॅम्प लटकवलेला होता.